बारीक होत गेलेला गठ्ठा

मावशींचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. घरचं आवरून, पायी चालत त्या बँकेच्या मागच्या दाराशी सगळ्यांच्या आधी हजर. झाडणं, पुसणं, पाणी भरणं हे बँक उघडायच्या आत उरकायचं. खरं काम संध्याकाळचं. ग्राहकांनी दिवसभर खिडकीवर दिलेल्या स्लिपा गोळा करायच्या, कडा जुळवायच्या, दाभणाने भोकं पाडून सुतळीने शिवायच्या. दाभण सरळ घालायला मनगटात जोर लागतो. तिरकं गेलं की गठ्ठा पुढे सुटतो. मावशींचा कधी सुटला नाही.

नोकरी कंत्राटी. दर वर्षी मॅनेजरची सही झाली तर पुढचं वर्ष. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घरात दुसरी कमाई नव्हती, आणि त्याची कवळी दर वर्षी पुढे ढकलली जायची.

मग बँकेत पैसे काढायचं-भरायचं मशीन आलं, लोकांच्या हातात मोबाइल आले. विटेएवढा गठ्ठा वहीएवढा झाला, वहीएवढा होता तो पाकिटाएवढा. आणि नेमकं त्याच वेळी मॅनेजरने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. शाखेचं काम दुप्पट झालं म्हणे.

मावशींच्या डोक्यात काही शिरेना. आइस्क्रीम वितळत चाललं होतं.

"दादा, हे दुप्पट काम गेलं कुठे?" त्यांनी कॅशियरला विचारलं.

"तारेतून गेलं, मावशी."

"मग ते शिवायचं कसं?"

"तुम्हाला शिवायची पडलीय. मला मोजायला तरी कुठे उरलंय?"

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यात न कळण्यासारखं काय आहे? गठ्ठा बारीक, तशी तुझी गरज बारीक. यंदा सहीचं काही खरं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मावशी मशीनपाशी फडकं घेऊन रेंगाळू लागल्या. कोणी कार्ड काढलं की हळूच म्हणायच्या, "याचं काही सांगता येत नाही हो. मागे एकाचं कार्ड गिळलं. या इकडे, स्लिप देते." गिळलं होतं हे खरंच. एकदाच, पण खरं. माणसं मावशींना ओळखत होती. मुकाट्याने खिडकीकडे वळायची.

गठ्ठा पुन्हा फुगला. मनगट दुखायला लागलं आणि मावशींना बरं वाटलं.

इकडे मॅनेजर चक्रावला. मशीन चालू आणि वापरणारं कोणी नाही. मेकॅनिक आला, मशीन उघडलं, काही सापडलं नाही. वरच्या ऑफिसातून फोनवर फोन. मग मॅनेजरने मावशींना आत बोलावलं. आता पकडलंच, असं समजून त्या ओले हात पदराला पुसत गेल्या.

"मावशी, लोक मशीनला घाबरतात, असं वरच्यांचं म्हणणं. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे. उद्यापासून मशीनपाशी उभं राहायचं आणि शिकवायचं. सही केलीय मी."

"आणि खिडकी?"

"एक बंद करतोय. खिडकी दिसली की लोक तिकडेच जातात. कॅशियरला दुसऱ्या शाखेत पाठवलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसरी शाखा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. कॅशियर खण रिकामा करत होता, तिथे मावशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, माणसं मीच पाठवत होते तुमच्याकडे."

"माहीत होतं. माझी खिडकी वाचावी म्हणून करताय, असं वाटलं. म्हणून तर गप्प बसलो."

मावशींनी रिकाम्या खणावरून फडकं फिरवलं.

तेव्हापासून त्या दिवसभर मशीनपाशी उभ्या. बोट दाखवायचं, बटण ज्याचं त्याने दाबायचं. पाय सुजायचे, हातांना काहीच व्हायचं नाही, त्यामुळे आज काम झालं की नाही हेच त्यांना कळत नसे. ज्याला शिकवलं तो पुन्हा विचारायला येत नसे. सगळे शिकले की आपण कशाला, हा हिशेब त्यांना कळत होता. पण अर्धवट शिकवणं त्यांच्या हातून होईना.

"मग तू हुशार ठरलीस की मूर्ख?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय विचारता? मॅनेजरला विचारा."

पुढच्या वर्षीच्या सहीचं अजून कोणी काही बोललेलं नाही. या वर्षीच्या पगारातून नवऱ्याची कवळी झाली. वरची आणि खालची, दोन्ही.