हिरवं बटण कुणी दाबलं

वालीवला माझा एक छोटा गाळा आहे. देव्हारे, पाट, चौरंग असली लाकडाची कामं मी तिथे करते. त्याआधी बरीच वर्षं मी यूपीएस बनवणाऱ्या एका कारखान्यात सर्किट तपासत होते. तो कारखाना गुजरातेत हलला आणि मला आचोळ्यातलं घर सोडायचं नव्हतं. लाकूडकाम लहानपणापासून आवडायचं, तेव्हा हाच धंदा करायचं ठरवलं.

गाळा आणि त्यातली यंत्रं ज्यांच्याकडून घेतली ते काका जूचंद्रचे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. सुतारकामात अशी माणसं पुष्कळ भेटतात, म्हणून मी कधी विचारलं नाही. व्यवहार झाल्यावरही काका दर शनिवारी यायचे. कधी वालाच्या शेंगा आणायचे, कधी मळ्यातली वांगी. शटरबाहेर स्टूल टाकून बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, "नको बाय, हितंच वारा लागतो." बाहेर वारा कसला, समोर पत्र्याचा कारखाना आणि त्याची धग.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. मी चहाचा कप पुढे केला की ते आधी कपाकडे बघायचे नाहीत, चेहऱ्याकडेही नाही. माझ्या हातांकडे बघायचे. एकेक बोट निरखल्यासारखे. बघून झालं की कप घ्यायचे.

गाळ्यातलं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे टेबल कटर. जाड लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर. बाजूला स्टार्टरचा डबा आणि त्यावर दोन बटणं, हिरवं चालू करायला, लाल बंद करायला.

एकदा दुपारी कटर बंद करून मी टेबलावरचा भुसा झाडत होते. पातं थांबलेलं मी स्वतः पाहिलं होतं. पलीकडच्या कोपऱ्यात अडकलेला तुकडा काढायला वाकले आणि खट् असा आवाज झाला. माझ्या कोपराजवळ पातं फिरायला लागलं. मी मागे उडी मारली, लाल बटण दाबलं, मशीन थांबलं. बटण माझ्यापासून चांगलं हातभर लांब होतं, तरी मी स्वतःला समजावलं की ॲप्रन लागला असेल.

पुढच्या आठवड्यात प्लायवूडचं मोठं पान टेबलावर ठेवलं. नुसतं ठेवलं. पुन्हा खट्, आणि खालून पातं प्लायला घासून किंचाळायला लागलं. या वेळी लाल बटण दाबलं तर मशीन थांबेना. दाबून धरलं तरी थांबेना. धावत जाऊन भिंतीवरचा एमसीबी, वीज तोडणारा खटका, खाली पाडला, तेव्हा ते घरघरत शांत झालं.

वायरमन आला. त्याने डबा उघडला, बटणं दाबून पाहिली, चालू-बंद करून पाहिलं. सगळं ठीक. खबरदारी म्हणून दोन्ही बटणं नवी बसवली आणि जाताना म्हणाला, "मॅडम, तुमचाच हात लागला असणार. मशीन आपोआप थोडीच चालू होतं?"

त्या शनिवारी मी काकांना सांगितलं. सहज, तक्रार म्हणून नाही. "काका, तुमचा कटर हल्ली मनात येईल तेव्हा चालू होतो." काकांनी कप जमिनीवर ठेवला.

"लाल बटन दाबून बी थांबला नाय ना?"

लाल बटणाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मग ते बोलले. बोटं गेली त्या दिवशी त्यांनी कटर बंद केला होता. पातं थांबलं, तेव्हा ते तुकडा काढायला वाकले. "मी बंद केलता, बाय. मना पक्का आठवतंय. पातं थांबलेलं मी बघितलं." कटर चालू झाला. हात सापडला, ते टेबलावर आडवे पडले, डाव्या हाताने लाल बटण चेपत राहिले, पण कटर फिरतच राहिला. शेवटी ते घसरून खाली पडले. शेजारच्या गाळ्यातला माणूस धावत आला, त्याने तेच लाल बटण दाबलं आणि कटर पहिल्या फटक्यात थांबला.

"मंग कोन माझं ऐकनार? सगळे बोलले, बंद करायला विसरलास, घाबरून हिरवंच दाबत बसलास. बायको बी तेच बोलली. मुलगा बी."

घरी बायकोने त्यांना गॅस पेटवू देणं बंद केलं. मोटारसायकल मुलाने घेतली. विसरभोळा म्हातारा अशीच त्यांची गावात ओळख झाली. बायको दोन पावसाळ्यांपूर्वी गेली, तीही त्यांना विसरभोळं समजूनच.

"आणि तुम्ही ते मशीन मला विकलंत?" माझा आवाज चढला. "सांगितलं नाहीत?"

ते खाली बघत राहिले. "सगळेच सांगत होते का चूक माझी. मी बी मानलं होतं. पन तुला चावी दिली आनि झोप उडाली. म्हनून येतो. तुझी बोटं बघायला."

मला त्यांचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती, आणि ती भीती यंत्राचीच होती असं नाही. इतके शनिवार हा माणूस शटरबाहेर बसून माझ्या अपघाताची वाट बघत होता, अगदी काळजीने.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आजूबाजूचे गाळे बंद, वालीव कधी नव्हे इतकं शांत. काकांना मी बोलावून घेतलं आणि एमसीबीजवळ उभं केलं. त्यासाठी त्यांना आत यावंच लागलं. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मोटर आणि पातं यांना जोडणारा पट्टा मी काढून टाकला, म्हणजे मोटर फिरली तरी पातं हलणार नव्हतं.

वीज बंद ठेवून मीटरने बटणं तपासली. कॉन्टॅक्टर तपासला, स्टार्टरच्या आत मोटरला वीज जोडणारा तो भाग, ज्याचा खट् आवाज मी ऐकत होते. वीज मिळाली की त्याला खेचून चालू करणारी कॉईल ठीक होती, वायर कुठे तुटलेली नव्हती. वीज चालू करून पाहिली. दहा वेळा चालू-बंद केलं, यंत्र शहाण्यासारखं वागलं. दुपार झाली. कंटाळून मी टेबलापलीकडे ठेवलेला पेचकस घ्यायला वाकले.

खट्. मोटर गुणगुणायला लागली.

"पाडा!" मी ओरडले. काकांनी एमसीबी पाडला. माझं पोट अजून टेबलाच्या कडेला टेकलेलं होतं.

मग मी जमिनीवर आडवी झाले आणि टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. बटणाची वायर टेबलाच्या पोकळ पायातून खाली गेली होती. पायाला जिथे भोक पाडलं होतं तिथली कड धारदार होती. वायरचं आवरण तिथे झिजून आत तांबं चमकत होतं. पायाचा बोल्ट ढिला होता. टेबलावर वजन पडलं की पाय केसभर सरकायचा आणि उघडं तांबं लोखंडाला चिकटायचं.

तरी एवढ्याने कटर चालू व्हायला नको होता. मी डबा पुन्हा उघडला आणि एकेक वायर बोटाने धरून मागे गेले, तेव्हा उलगडा झाला. वीज आधी बटणांपाशी अडायला हवी आणि मग कॉईलकडे जायला हवी. इथे कुणीतरी उलटं जोडलं होतं. वीज थेट कॉईलपाशी येऊन थांबलेली असायची, बटणं तिच्या परतीच्या वाटेवर होती. तिला परत जायला दुसरी कुठलीही वाट मिळाली तरी चालण्यासारखं होतं, आणि टेबलाला अर्थिंग होतं. उघडी वायर टेबलाला लागली की वाट मिळाली. मग हिरवं दाबायची गरज नव्हती, आणि वजन टेबलावर असेपर्यंत लालला कुणी विचारत नव्हतं. वजन उचललं की लाल पुन्हा चालायचं. वायरमन बाजूला उभा राहून तपासत होता, त्याला काय सापडणार? ते यंत्र फक्त त्याच्यावर वाकलेल्या माणसासाठी चालू व्हायचं.

काकांना मी हे दोनदा समजावलं. एमसीबी पुन्हा वर करून ते टेबलापाशी आले, डावा हात कडेवर ठेवला आणि वाकले. खट्. सरळ झाले, लाल दाबलं, थांबलं. पुन्हा वाकले. खट्. किती वेळा तसं केलं कुणास ठाऊक. शेवटी मी त्यांचा दंड धरला.

"मुलाला फोन लाव," ते म्हणाले.

मुलगा नायगावहून आला, हेल्मेट हातातच होतं. काकांनी त्याला नमस्कार-चमत्कार करू दिला नाही. टेबलाकडे बोट केलं. "वाक."

"कशाला, बाबा?"

"पट्टा काढलाय. पातं फिरनार नाय. वाक तू."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तरी तो पुढे होईना. त्याची नजर त्या थांबलेल्या पात्यावरून हटत नव्हती. मग एकदम, पाण्यात उडी मारावी तसा, तो टेबलावर झुकला. खट्. त्याने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"आता लाल दाब. आनि दाबताना टेबलावर रेलून ऱ्हा."

त्याने दाबलं. मोटर चालूच राहिली. तो दाबत राहिला, आधी अंगठ्याने, मग तळव्याने. काका शांतपणे बघत होते. मोटरच्या आवाजाखाली मुलगा काहीतरी पुटपुटला, मला "आई" एवढंच ऐकू आलं. मी एमसीबी पाडला.

काका म्हणाले, "तिला सांगायचं ऱ्हायलं."

मुलगा कोपऱ्यातल्या भुशाच्या पोत्यावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

त्या आठवड्यात मी सगळं नव्याने जोडलं. वीज आधी बटणांकडे आणली, वायर बदलली, भोकात रबराची कडी बसवली, पायाचा बोल्ट आवळला. टेबलावर सगळं वजन टाकून पाहिलं, प्लायची तीन पानं ठेवून पाहिली. काही झालं नाही. दोष गेला, हे मला सर्किट तपासणारी म्हणून पक्कं माहीत आहे. कटर आता रोज चालतो.

काका हल्ली मंगळवारीही येतात, आणि आत येतात. देव्हाऱ्याच्या कळसांना पॉलिशपेपर मारून देतात, डाव्या हाताने, माझ्यापेक्षा सफाईदार. आम्ही गप्पा मारतो, रेडिओ लावतो. पण एक आहे. गाळ्यात दोन स्टुलं आहेत आणि ती कशीही ठेवली तरी बसताना आम्ही दोघं ती न बोलता फिरवून घेतो. त्या कटरकडे पाठ करून आमच्यापैकी कुणीच बसत नाही.