हातात द्यायची फुलं

गुरुवार, सकाळ. शिरूर, घोडनदीचा घाट. मामांचा दहावा.

हजर: भांडगावहून आलेला मामांचा पुतण्या आणि त्याची बायको. बाजारपेठेतले चार-पाच दुकानदार. गुरुजी. मी. आणि दौंडहून आलेली मामांची लेक, पायऱ्यांच्या अगदी टोकाला, एकटी.

गैरहजर: कावळा.

अशी हजेरी मांडायची मला सवय आहे. मामा असते तर म्हणाले असते, "ताई, माणसं मोजत बसू नका. कुणाच्या हातात काय पडलं ते बघा."

'हातात' हा मामांचा शब्द. फूल दारात ठेवायचं नाही, शेजाऱ्याकडे द्यायचं नाही, सोसायटीच्या वॉचमनकडे तर नाहीच नाही. "फूल हातात द्यायचं असतंय," असं म्हणताना ते दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायचे. ओंजळ रिकामी असली तरी समोरचा माणूस नकळत हात पुढे करायचा. मी स्वतः कितीदा तरी केला आहे.

माझं एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि कुरिअरचं दुकान आहे. शेजारचा फुलांचा गाळा मामांचा. त्यांचे आजोबा मेंढरांमागे मुलूख फिरले, वडिलांनी थोडी शेती केली आणि मामा फुलांत शिरले. गाळ्यात देवाच्या फोटोखाली आजोबांचं घोंगडं घडी करून ठेवलेलं असे, आणि उन्हाळ्यात त्यावर मांजर.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीनं मला विचारलं, शिरूर भागात ताजी फुलं पोचवाल का? लेक परदेशात, आईबाप कारेगावात. नवरा पुण्यात, बायको शिक्रापुरात. त्यांनी मोबाईलवर ऑर्डर द्यायची, आम्ही गुच्छ करून घरी द्यायचा. मी हो म्हटलं आणि शेजारी जाऊन मामांना कामाची यादी वाचून दाखवली: गुच्छ बांधणे, मोपेडवर पोचवणे, घेणाऱ्याचा फुलांसह फोटो काढणे, फोटो मला पाठवणे.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दौंडला जातंय का आपलं?"

"नाही मामा. शिक्रापूर, कारेगाव, रांजणगाव, एवढंच. दौंड लांब पडतं, फुलं कोमेजतात."

"व्हय. कोमेजत्यात," ते म्हणाले आणि कामाला लागले.

फोटोंनी मला जेरीस आणलं. एकात नुसता मामांचा अंगठा. एकात गुच्छ, आणि गुच्छाकडे आशेनं बघणारी शेळी. कंपनीतून मला फोन यायचे, "मॅडम, कस्टमर नेमका कोणता?"

कारेगावात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांच्या मुलानं जर्मनीहून मोठा गुच्छ पाठवला. आबा दारात आले आणि गुच्छ बघून मागे सरले. "बुके? मी काय रिटायर झालो का? कुणाचा सत्कार हाय?"

"तुमच्या लेकानं धाडलाय, आबा. दोघांसाठी."

"मंग ह्याचं करू काय? खायचं का लावायचं?"

मामा ओट्यावर बसले. चकचकीत कागद सोडला, रिबिनीची गाठ काढली, खिशातला दोरा घेतला आणि त्याच फुलांची वेणी गुंफायला लागले. म्हातारी आतून "आता ह्या वयात मला कशाला?" म्हणत होती आणि पदर नीट करत होती. वेणी झाल्यावर मामांनी ती आबांच्या हातात दिली. "माळा. माझं काम तुमच्या हातापत्तुर. म्होरलं तुमचं."

मला फोटो आला तो म्हातारीच्या डोक्याच्या मागच्या बाजूचा, पांढऱ्या अंबाड्यात वाकडी बसलेली वेणी. मुलानं तक्रार केली की आईचा चेहराच नाही. पंधरवड्यानं पाहिलं तर त्याच्या व्हॉट्सॲपवर स्वतःच्या जागी तोच फोटो लावलेला होता.

उशीर हा मामांचा दुसरा दोष. शिक्रापुरात एका खोलीत सहा कामगार राहत. त्यातल्या एकाच्या वाढदिवसाला त्याच्या बायकोनं गावाकडून फुलं पाठवली. तो रात्रपाळी करून झोपलेला. खोलीतली बाकीची पोरं म्हणाली, चाचा, रख दो, उठेल तेव्हा घेईल. मामा बाहेर मोपेडला टेकून तो उठेपर्यंत थांबले. इकडे माझ्या टेबलावर पुढच्या ऑर्डरी खोळंबल्या.

"मामा, त्याला झोपेतून उठवायचं तरी," मी चिडून म्हटलं.

"झोपल्याला काय उठवायचं. बायकूनं फूल धाडलं आन् त्याची झोप मोडली, आसं व्हतंय का?"

"मग ठेवून यायचं."

ते हसले नाहीत. "ठिवल्यालं फूल पोचत न्हाई, ताई. मला इचारा."

मी तेव्हा विचारलं नाही. मला पुढच्या पत्त्यांची घाई होती.

मामांचं खरं नाव होतं ते वाडीसाठी. डोहाळजेवणाला पोटुशी लेक फुलांनी सजवायची, त्याला वाडी भरणं म्हणतात. मुकुट, कानातली, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं फुलांचं. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर ते निशिगंधाच्या कळ्या अशा शिवत, की पुठ्ठा कुठे संपला ते कळत नसे. शिरूरच्या निम्म्या बायकांच्या घरी मामांच्या वाडीतला फोटो आहे. माझ्याही घरी आहे. थोरल्याच्या वेळचा, आता कडेनं पिवळा पडलेला.

एके दुपारी कंपनीकडून दौंडची ऑर्डर आली. मी ती भागाबाहेरची म्हणून परत पाठवली. मामा दारात उभे होते.

"दौंडचं व्हतं?"

"हो. नाही जमणार म्हणून कळवलं. मामा, तुम्ही सारखं दौंड दौंड विचारता. दौंडला आहे तरी कोण?"

ते माझ्या बाकावर बसले. बोलायच्या आधी हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

दौंडला त्यांची एकुलती एक लेक दिली होती. जावई रेल्वेत. लेकीचं डोहाळजेवण ठरलं, आणि सासरी सगळ्यांना माहीत होतं की वाडी घेऊन बाप स्वतः येणार. नेमका त्याच दिवशी शिरूरमधल्या एका घरी मामांनी शब्द दिलेला. त्यांनी रात्रीच लेकीची वाडी तयार केली, पत्र्याच्या डब्यात ओलं गोणपाट घालून ठेवली आणि सकाळच्या दौंड गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे दिली. जावयाचं नाव सांगितलं. स्टँडवर कुणालाही विचार, घरी नेऊन दे. लेकीकडे फोन नव्हता. आणि मामा शिरूरमधल्या कामाला लागले.

गाडी रस्त्यात बंद पडली. दौंडला पोचायला दिवस मावळला. कंडक्टरला लगेच परतायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं डबा होता तसा आणून दिला.

"तिकडं तिची सासू बायकांत म्हणाली, फुलवाल्याची लेक आन् केसात फूल न्हाई. शेवटाला कुठनं तरी प्लॅस्टिकची आणली. मी गेलो नंतर, तर लेक भाईर आली न्हाई. आतनंच म्हणाली, तुमाला शिरूरच्या लेकी हायत की सजवायला. जावा त्यांच्याकडं."

"तुम्ही डब्याचं सांगितलं नाही?"

"न्हाई."

"अहो, का? तिला वाटतंय तुम्ही विसरलात. मी आत्ता फोन करते. सांगते की तुम्ही पाठवली होती."

"पाठवली व्हती म्हंजी गेलो न्हवतो," मामा म्हणाले. "तेवढं तिला ठावं हायच की."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "त्या दिवशी इथं कुणाची वाडी होती?"

त्यांनी दोरा खिशात ठेवला. "जाऊ द्या."

"सांगा की मामा."

"तुमची."

घरी जाऊन मी फोटोसमोर उभी राहिले. माझ्या डोक्यावर मुकुट, कमरेला पट्टा, तोंडभर हसू. फोटोच्या कडेला मामांचा अर्धा हात आला आहे, मुकुट सरळ करणारा. तो हात त्या वेळी दौंडला असायला हवा होता.

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. मामा मात्र थोडे सैल झाले. या हिवाळ्यात रेल्वेतल्या कुणाकडून त्यांना कळलं की नातीला दिवस गेलेत. तेव्हा पोटात होती तीच नात. मामा माझ्या दारात येऊन ओंजळ करून उभे राहिले. "ह्या टायमाला मी जाणार. एसटीनं. डबा मांडीवर घिऊन. लेकीनं दार न्हाई उघडलं तर दारात बसून ऱ्हाणार, पन ठिवून येणार न्हाई."

त्यांनी पुठ्ठे कापून ठेवले. मुकुटाचा, पट्ट्याचा, बाजूबंदांचे. सातवा लागला की पहिल्या रविवारी फुलं आणून दौंडला जायचं असं ठरलं. मी त्या रविवारी त्यांना एकही ऑर्डर द्यायची नाही असं माझ्या वहीत लिहून घेतलं. आणि आठवडाभरातच छातीत दुखतंय म्हणून पुतण्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून ते आले नाहीत.

घाटावर पिंड ठेवून बराच वेळ झाला. कावळे पलीकडच्या बाभळीवर बसलेले, येत नव्हते. माणसं आपापल्या परीनं मामांची इच्छा शोधत होती. पुतण्या हात जोडून म्हणाला, "आप्पा, गाळा मी चालवतो. काळजी करू नका." कावळा आला नाही. एक दुकानदार म्हणाला, "मांजराला मी सांभाळतो बघा, मामा." तरीही नाही.

मला इच्छा माहीत होती. मी मनात म्हटलं, मामा, दौंडला जातं आपलं. मी जाते.

कावळा हलला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. मामांना नुसतं सांगून कधीच चाललं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

लोक पांगायला लागले तशी मी त्यांच्या लेकीजवळ गेले. चेहरा थेट मामांचा. तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी कोण?"

"मामांच्या शेजारचं दुकान माझं."

"म्हंजी ऑनलाइन फुलं पाठवता त्या तुमीच व्हय? ऐकलंय. लांब लांबच्या लेकरांची फुलं पोचवायचे म्हणं आप्पा. घरोघरी, हातात."

"हो."

"बरं झालं. लोकांची तरी पोचली."

मी विचारलं, "तुमची मुलगी नाही आली?"

"सातवा लागलाय. तिला घाटावर कशाला आणायची."

"वाडी कधी भरणार?"

"आमच्यात वाडी न्हाई भरत. वटी भरायची आन् जेवण घालायचं, बास." तिनं पिशवी खांद्याला लावली. "गाडी लागली आसंल माझी."

शिरूरच्या लेकींतली पहिली मीच तिच्यासमोर उभी होते, आणि ही गोष्ट घाटाच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगायची नव्हती. मी तिला स्टँडवर सोडलं. तिनं खिडकीतून हात केला नाही, मान मात्र हलवली.

बाकीची कामं झाली. कंपनीला कळवलं. गाळ्यातल्या टोपल्या धुवून उपड्या घातल्या. घोंगडं पुतण्याला दिलं. मांजर त्या दुकानदाराकडे गेलं, आणि रोज परत येतं.

पत्र्याचा डबा आणि कापलेले पुठ्ठे मी मागून घेतले. मला साधा गजरा येतो, मुकुट येत नाही. रोज दुकान बंद करून कळ्या शिवून बघते. पुठ्ठा दिसतोच. पट्टा बरा जमला, मुकुटाच्या कळ्या गळतात.

डबा माझ्या टेबलावर आहे, झाकण उघडं, गोणपाट वाळत घातलेलं. दौंड अजून राहिलं आहे.