आंबेखोलच्या सहाणेवरचा परका

माझं आयुष्य पालटलं ते दाभोळला, तापाने फणफणलेल्या हसन तांडेलाने आपला लाल रुमाल माझ्या मुठीत कोंबला त्या क्षणी. पण तिथवर पोचलो कसा ते आधी सांगतो.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी रत्नागिरीला परतलो होतो. कारण आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक होतं: मनू. शेजारी मावशीकडे राहून मास्तरीण व्हायला शिकणारी, गुहागरकडच्या आंबेखोलची. शिमग्याला ती गावी गेली आणि मला घर खायला उठलं. वडिलांशी, अण्णांशी, कडाक्याचं वाजलं. निघताना दार असं आपटलं, की कोनाड्यातली पणती खाली आली.

तुम्हाला जायचं असेल तर आगबोटीने जा. रत्नागिरीला ती लांब उभी राहते. पडावातून तिच्यापर्यंत जाताना चपला हातात घ्या. डेकचं तिकीट परवडतं, फक्त धुराच्या उलट बाजूला पथारी टाका. दाभोळला उतरून तरीने खाडी ओलांडायची आणि पुढे कातळावरून पायी. उन्हं चढायच्या आत निघा.

तरीवर मी आंबेखोलचं नाव काढलं मात्र, तरवाल्याने माझा दंड धरला आणि मला थेट तांडेलाच्या ओटीवर नेलं.

"कनचा रे तू?" गोधडीतून आवाज आला.

"रत्नागिरीचा."

"आंबेखोलात नातं? जमीन? कज्जा?"

"काही नाही. एक मुलगी आहे. खालच्या वाडीची."

म्हातारा खोकेपर्यंत हसला. मग त्याने सगळं सांगितलं. आंबेखोलात यादवी झाली होती. ग्रामदेवीची पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचणार, यावरून वरली आणि खालची वाडी एकमेकांवर कोयत्या घेऊन धावल्या. माणसं गेली. लेकी माहेराला तुटल्या, विहीर वाटली गेली. दोन्ही वाड्यांची सुपारी तांडेलाच्या शिडाच्या मचव्यातून बाजाराला जायची, म्हणून दोघांनी त्यालाच मधे घातलं. त्याने तोड काढली: दोन वाड्यांमधून वाहणाऱ्या पऱ्याच्या काठी एक सहाण, म्हणजे दगडी ओटा. पहिला मान सालाआड, यंदा खालच्यांचा. त्यांनी पालखी त्यावर ठेवून मागे व्हायचं, मग वरल्यांनी उचलायची. कुणी दिली नाही, कुणी घेतली नाही. मधे उभा राहणार परका माणूस, आणि शब्द त्याचाच.

"पण आता समेट होऊन किती तरी शिमगे झाले," मी म्हटलं.

"म्हणूनच दरसाल जातो. समेट एका बैठकीत होतो रे. तो राखायला येऊन उभं राहावं लागतं. यंदा ताप उतरेना. तू जा, माझा रुमाल घेऊन. तो बघून ओळखतील. आणि त्या पोरीचं आधी वरल्यांना सांग. लपवलंस तर मेलास."

कॉलेजात प्राध्यापक सांगायचे, यादवी निवलेल्या मुलखात तिसऱ्या देशाची माणसं सीमेवर उभी करतात. मी तेव्हा मागच्या बाकावर मनूचं नाव कोरत होतो.

वरल्या वाडीत काजूच्या ओल्या गरांची उसळ आणि तांदळाची भाकरी पुढे आली. मी ताटाला हात लावण्याआधीच रुमाल दाखवून सगळं सांगून टाकलं. वाडीचा म्होरक्या धोंडबा माझ्याकडे बघत राहिला.

"म्हंजे तिकडचा जावई व्हायला आलास, नि पंच म्हणून उभा ऱ्हाणार?"

"हो."

"बेशरम हाय, पण खोटा न्हाय," तो म्हणाला. "जेव आधी."

मनू पऱ्यावर भेटली, कमरेवर कळशी. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, "माझ्यासाठी आलायस ना? मग त्या दगडापाशी तू माझा नाहीस. तिथं कच खाल्लीस तर माझा काका गेला तसं आणखी कुणी जाईल."

ठरलेली वेळ म्हणजे उन्हं माडांच्या शेंड्यांवर जाण्याची. ती टळली तरी खालच्या वाडीची माणसं पालखी नाचवतच होती. ढोल थांबेना. पलीकडे वरल्यांच्या हातात काठ्या दिसू लागल्या. पुढच्या दांडीला खांदा दिलेले मनूचे वडील, दाजी, माझ्याकडे बघून हसले. "आणखी एक फेरी रे. तुला कसली घाई? घरचाच ना तू?"

अहो, त्या एका शब्दात त्यांनी मुलगी माझ्या ओंजळीत टाकली होती! गर्दीत मनू उभी होती. माझं डोकं तापलं, ते नेहमीच तापतं. पण या वेळी ते कामाला आलं.

"दाजी, इथं मी कुणाच्या घरचा नाही! पालखी ठेवा!"

ढोल बंद पडला. तेवढ्यात वरल्यांतल्या दोघांनी पऱ्यात उडी घेतली. मी तसाच गरकन वळलो. "तुम्हीसुद्धा! पाय मागे!"

ते मागे सरले. दाजींनी डोळे माझ्यावर रोखूनच पालखी टेकवली आणि ते हटले. मी रुमाल हलवला. "उचला!" वरल्यांनी उचलली आणि दोन्ही काठांवर एकदमच ढोल वाजले. छातीत आनंद मावत नव्हता, काय सांगू!

मुलगी मात्र गेली, असं समजून मी सकाळी वळकटी बांधत होतो. तर धोंडबा नारळ घेऊन आला आणि मला ओढत पऱ्या ओलांडून दाजींच्या अंगणात घेऊन गेला. यादवीनंतर त्या अंगणात वरल्यांचं पाऊल पडलं नव्हतं.

"मागणी घालायला आलंव," तो म्हणाला. "पोराकडचं आम्ही."

"माझ्या पोरीला वरल्या वाडीची मागणी?" दाजी ओरडले.

"मग? तुमचा जावई नि आमचा ल्योक. तराजूचा काटा मधोमध."

आतून मनूचा आवाज आला, "बाबा, नारळ घ्या. नायतर तोही सहाणेवर ठेवायला लागेल."

अंगण हसलं. दाजींनी नारळ घेतला. धोंडबाच्या हातातून, सरळ हातात.

येताना दाभोळला तांडेलाने रुमाल परत घेतला नाही. मचव्यावर काम मात्र दिलं.

रत्नागिरीला अण्णा माझ्याशी बोलेनात. "विचार त्याला, कॉलेजात जाणार का," ते आईला म्हणाले. आई माझ्याकडे वळली, तिचे डोळे भरलेले. मधे उभं राहणाऱ्या घरच्या माणसाला दोन्हीकडचे घाव बसतात, हे तिथे मला दिसलं.

"अण्णा, आईला मधे घालू नका," मी थेट म्हणालो. "मी मचव्यावर चाललोय. लग्न ठरलंय. वऱ्हाड वरल्या वाडीतून निघेल. तुम्ही आलात तर तुमच्या मागून निघेल."

मग अण्णांनी मलाच विचारलं, "कधी?"

"कोकिळा थकायच्या आत. आंबे उतरले की."

मी आईच्या पाया पडलो, अण्णांच्याही. रुमाल डोक्याला बांधला, बाहेर पडलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दार हलक्या हाताने ओढून घेतलं.