मधेच अडकलेली सीट

धाकटे, काल फोनवर तू लेकीच्या नव्या गाडीचं कौतुक सांगत होतीस आणि मी नुसतं "हो का, हो का" म्हणत होते. आत काय जळत होतं ते तुला न सांगताही कळलं असणार. त्या गाडीच्या सीटला म्हणे बटणं आहेत. एक दाबलं की सीट तुझ्या मापाला येते, दुसरं दाबलं की लेकीच्या. कुणी कुणाला बोल लावायला नको. हे मला मुद्दाम सांगायची काही गरज होती का?

तू या घरात माझ्या धाकट्या दिराची बायको म्हणून आलीस आणि त्या दिवसापासून धाकटी झालीस. वयाने आपण जवळपास सारख्याच. उंचीने मात्र तू खरोखरच धाकटी, माझ्या खांद्यालाही लागायची नाहीस. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायचीस आणि घरी आल्यावर एक अक्षर बाहेर काढायची नाहीस. त्यावरून तुला सगळे समंजस म्हणायचे. मी बोलते, म्हणून मी भांडखोर.

गाडी दोन भावांनी मिळून घेतली. भावोजी परगावी नोकरीला, तेव्हा आपल्याला शिकवायचं काम ह्यांच्याकडे आलं. एकच मैदान, एकच गाडी, एकच गुरू. तू शिकलीस. मी वाद घातला. क्लच आधी की ब्रेक आधी यावर मी ह्यांना जे ऐकवलं त्यातलं निम्मं बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. पण लायसन्स तुला आधी मिळालं आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये गेली ती गेलीच.

तुझं गाडीचं वेड मला कधी कळलं नाही. रविवारी सकाळी आम्ही पेपर वाचत असताना तू अंगणात बॉनेट उघडून उभी. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, जुन्या बनियनच्या चिंधीने पुसायची, परत घालून परत बघायची. वायपर उचलून त्याचं रबर ओल्या फडक्याने पुसायचीस, जसं लहान मुलाचं नाक. चाकांत हवा भरायला गेलीस की स्टेपनीतही भरायचीस. "वेळेला तीच उपाशी निघते," म्हणायचीस. थंडीच्या दिवसांत गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची, तेव्हा किल्ली फिरवता फिरवता तिला सांगायचीस, "लाइनवर राहा, जोडून देते." आणि ती मेली खरंच सुरू व्हायची. माझ्या हातात खोकत बसायची.

हे सगळं मी सोसलं असतं. मला सोसलं नाही ते वरचं हँडल.

दरवाज्याच्या वर, छताला लागून ते असतं. मी चालवायला बसले की हे शेजारी बसून पहिल्या वळणाआधीच ते धरायचे. घर येईपर्यंत सोडायचे नाहीत. तू चालवत असलीस की दोन्ही हात मांडीवर, कधी डोळे मिटलेले, एकदा तर चक्क घोरत होते. वर कौतुक, "धाकटीचा ब्रेक लागलेला कळतसुद्धा नाही." संसार केला माझ्याशी आणि निर्धास्त झोप तुझ्या शेजारी! मला दुसरं काही नको होतं. ह्यांनी माझ्या शेजारी बसून तो हात एकदा खाली घ्यावा, एवढंच.

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायामासाठी हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. हे म्हणाले, धाकटीला सांग. मी म्हटलं, मी मेलेय का? आणि किल्ली तुझ्याकडून मागून घेतली. हो, मागून. स्वतःच्या घरच्या गाडीची.

सकाळ गारठ्याची होती. चौकाच्या अलीकडे समोरची काच आतून धुरकटली. मी एका हाताने रुमालाने पुसू लागले, पुसलं की पुन्हा धुरकट. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. ह्यांनी एक हात हँडलवर ठेवून दुसऱ्या हाताने शांतपणे एक गोल बटण फिरवलं, दुसरं दाबलं, आणि काच खालपासून वरपर्यंत लख्ख झाली. "धाकटी हवा काचेवर घेते," म्हणाले. दमट हवा गार काचेला लागली की पाणी धरतं, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. बटण कुठलं ते मात्र तुला ठाऊक.

त्या दिवशी घरी आल्यावर उतरताना मी सीट आणखी मागे ढकलली ती रागाने. तसं ते रोजचंच होतं. तुझे पाय पोचायचे नाहीत म्हणून तू सीट पार पुढे घ्यायचीस आणि माझे गुडघे स्टिअरिंगला आपटायचे म्हणून मी पार मागे. आरसे तू खाली करायचीस, मी वर. उतरताना दुसरीसाठी नीट करून ठेवावी, हे दोघींपैकी एकीलाही सुचायचं नाही. सुचायचं, पण करायचो नाही. दुसऱ्या दिवशी तू सीटखालची दांडी ओढून तितक्याच जोराने पुढे हिसका दिलास. खाली कट्ट झालं आणि सीट मधेच अडकली. ना पुढे, ना मागे.

बॅटरी बदलायला आलेल्या मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं. रूळ बदलावा लागेल, म्हणाला. गाडी गॅरेजला आणा, पण दोघी मिळून या. कुणाला कुठवर सीट हवी ते समोरासमोर ठरवा, मला मधे घालू नका. तुझ्यामाझ्यात पडून सगळेच शहाणे झाले होते.

मग तू पाठीशी जाड उशी घेऊन चालवू लागलीस आणि मी गुडघे पोटाशी घेऊन. उशीमुळे तुझा पाय ब्रेकवर टेकायचा, पण मोजूनमापून पडायचा नाही. गाडी गचका देऊन थांबायची. आणि पहिल्याच फेरीला ह्यांनी, धाकटे, तुझ्या शेजारी बसून वरचं हँडल धरलं. मी मागे बसून पाहिलं. इतका आनंद मला पेन्शनच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

त्यानंतर गॅरेजचा विषय निघाला की मला काही ना काही काम असायचं. एकदा तू तोंडावरच म्हणालीस, "जाऊबाई, तुम्हाला ती सीट नीट करायचीच नाहीये."

"किल्ली तुझ्याकडे आहे. जा की एकटी."

"एकटी गेले तर तो माझ्याच मापाला बसवेल. मग जन्मभर तेच ऐकायचं. तुम्ही आल्याशिवाय मी जायची नाही."

पुढे भावोजी गेले, लेकीने तुला बोलावलं आणि तू जायचं ठरवलंस. निघायच्या दिवशी आपलं ठरलं होतं: वाटेत गॅरेजला थांबायचं, गाडी तिथे सोडायची आणि रिक्षाने स्टेशनवर जायचं. वेळ भरपूर होता. तू उशी लावून चालवायला बसलीस, तुझ्या बॅगा मागे, मी शेजारी. हे घरीच होते.

गॅरेज दिसू लागलं तसा तू डावा इंडिकेटर दिलास. टिक टिक सुरू झालं. मेकॅनिक दारातच उभा होता, त्याने हात वर केला. सीट तुझ्या मापाला येणार नव्हती, कारण तू चालली होतीस. ती माझ्याच मापाला येणार होती, कायमची. मी पुढे बघत राहिले. तूही.

मग तू इंडिकेटर बंद केलास आणि सरळ स्टेशनचा रस्ता धरलास.