आउटलेट एकदम क्लीन!

काय सांगू, माणसाने अक्कल पाजळावी, पण ती स्वतःच्या लघवीवर? मी पाजळली. बसा, चहा घ्या. बिनसाखरेचा आहे, का ते कळेलच.

मला डायबेटिस निघाला. आमच्या थोरल्या भावाचं पाऊल याच साखरेपायी कापावं लागलं होतं, त्यामुळे मी पार हादरलो. सकाळी उठून आधी पायाची बोटं चाचपायची, मग चूळ भरायची! पेणच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली. ती मी इमानाने घेत होतो.

अशात शेजारचे इस्माईलभाई गल्फमधून सुट्टीवर आले. येताना लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन आले.

"भाय, बुडवून बघ. साखर नसंल तर रंग बदलायचा नाय."

बुडवली. पट्टी काळपट तपकिरी!

आता मी धाटावला कंपनीत ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर. आमचा नियम एकच. आउटलेटचं पाणी घाण, म्हणजे आत बोंब! आणि इथे माझ्या आउटलेटला चक्क पाक वाहत होता.

"इस्माईलभाई, गोळी लागू पडत नाय. माझं अंग औषधाला जुमानत नाय!"

"डॉक्टरला विचार ना पयला."

विचारायचं कशाला? बिघाड दिसला की आम्ही आधी प्लांट बंद करतो. मी गोळी बंद केली. सुनीताला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, पत्ताही लागू दिला नाही.

आणि चमत्कार! थोड्याच दिवसांत पट्टी कोरी. चष्मा लावून पाहिली, उजेडात धरून पाहिली. कोरी! डोळ्यांत पाणी आलं हो. त्या आनंदात पुतणीच्या साखरपुड्याला मी जिलेबीवर आडवा हात मारला.

दुसऱ्या दिवशी घसा कोरडा, अंगात त्राण नाही आणि पायाला मुंग्या. पायाला! भावाचं पाऊल डोळ्यांसमोर आलं. सुनीताला घेऊन तडक पेण गाठलं.

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. मी घाबरत घाबरत सगळं कबूल केलं.

"अहो, मूत्रपिंडात साखर परत रक्तात ओढून घेणारी प्रथिनं असतात. बारीक दारंच म्हणा. ही गोळी ती दारं अडवते, मग साखर लघवीवाटे बाहेर जाते. तेच तर तिचं काम!"

"पण मला वाटलं, अंग औषधाला जुमानत नाय..."

"तसं जंतू करतात! काही जंतूंच्या अंगावर पंप असतात, आत आलेलं औषध ते बाहेर फेकतात. तुम्ही जंतू आहात का?"

पाय वाचेल ना, एवढंच मी विचारलं. "वाचेल, गोळी घेतलीत तर," डॉक्टर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, पण सुनीताचा पारा चढला.

"डॉक्टर, यांना कंपनीत बक्षीस द्यायला हवं. आउटलेट एकदम क्लीन! घाण सगळी टाकीत भरून ठेवली."

आणि टाकी म्हणजे मी!