सखारामने आपलंच रान पेटवलं

परवा दुपारी पाटोद्याच्या डोंगरात जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही...

मी आमच्या मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, जंगलात रखवालदार आहे. चुन्याने रंगवलेल्या दगडांपलीकडे इंग्रजी हद्द, नगर जिल्हा. तिकडचा रखवालदार सखाराम. दोघांनाही वरून एकच ताकीद... दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

आमच्या बाजूला वणवा उठला आणि वाऱ्याबरोबर हद्दीकडे सरकू लागला. मधल्या उतारावर माझा थोरला भाऊ तात्या मेंढरं घेऊन अडकला होता. दोन्ही अंगांना उभे कडे. मोकळी होती ती सखारामची बाजू, पण तिथे चराईबंदी, त्यामुळे गवत छातीएवढं वाढून वाळलेलं. मेंढरं त्यात शिरली असती तर आगीने त्यांना गाठलंच असतं.

मी धावत दगडांपाशी आलो. पाहतो तर सखाराम पेटती चूड घेऊन आपल्याच रानाला आग लावतोय...

ताकीद विसरून मी पलीकडे गेलो आणि त्याचं मनगट धरलं. "माझा भाऊ मधी हाय."

"म्हणून तर पेटवतोय. हात सोड रं, येळ न्हाई."

मी सोडेना. त्याने हात झटकून घेतला आणि गवताला चूड लावत पुढे गेला.

वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. त्याची आग आमच्याकडे न येता त्याच्याच रानात मागे पळाली. दूर गाडीवाटेवर त्याची माणसं ओल्या डहाळ्या घेऊन ती विझवायला उभीच होती. बघता बघता समोर नुसतं काळं रान उरलं... जळायला काही नाहीच.

"तात्या, आणा इकडं," सखारामने हाक दिली.

मेंढरं गरम राखेवर पाय टाकीनात. तात्याने एक कोकरू उचलून खांद्यावर घेतलं, तशी त्याची आई ओरडत मागे निघाली. मग सारा कळप. आमचा वणवा दगडांपर्यंत आला आणि तिथेच बसला.

तात्याच्या भुवया जळाल्या होत्या. दम खाऊन त्याने सखारामला विचारलं, "आता काय, मेंढरं कोंडवाड्यात घालता?"

"राखंत काय चरणार हायत ती?"

आपलं रान का जाळलं, हे सखाराम त्याच्या साहेबाला काय सांगणार, ते विचारायचा मला धीर झाला नाही. पुढच्या वर्षी होळीआधी दगडांच्या दोन्ही बाजूंचा पट्टा आम्ही मिळून जाळून ठेवायचा, एवढं मात्र ठरलं.

तात्या आता अंगणात बसून भाकरी खातोय. मी त्याच्याकडे नुसता बघत बसलोय... माझ्या हातात सखारामपेक्षा जरा जास्त जोर असता, तर?