दहा फुटांचा पाया

बाबांनी घातलेला पाया दहा फुटी होता आणि त्यावर उभी राहिलेली भिंत आठ फुटी. उरलेल्या दोन फुटांबद्दल ते आयुष्यभर बोलत राहिले.

त्यांचं नाव तेर्तुल. फौजेत आले लढायला. हाती आली कुदळ. सम्राट या थंड बेटावर स्वतः येऊन सांगून गेले होते, की आता आणखी मुलूख जिंकायचा नाही, आहे तो राखायचा. समुद्रापासून समुद्रापर्यंत भिंत घाला. बाकीचे शिपाई कुरकुरले. बाबांना मात्र ते मनापासून पटलं. "कुदळीने हाताला फोड येतात," ते म्हणत, "पण फोड बरे होतात."

ऐंशी जणांच्या प्रत्येक तुकडीला भिंतीचा एक टप्पा नेमून दिलेला असे. टप्पा पुरा झाला की तुकडीने आपल्या नावाचा दगड त्यात बसवायचा. बाबांनी हौसेने तो आधीच कोरून ठेवला. मग वरून हुकूम आला, की काम लवकर उरका, भिंत अरुंद करा. बाबांच्या तुकडीला किल्ला बांधायला पश्चिमेकडे धाडलं. त्यांच्या पायावर दुसऱ्यांनी भिंत उभारली आणि स्वतःचं नाव लावलं.

बाबांचा दगड पंचवीस वर्षं आमच्या दारात पडून होता.

"ऐंशी बाप्यांचं नाव दारात, आणि माझं कुठे?" आई विचारी. ती इथलीच, मेंढपाळांची.

"तुझ्यासाठी दुसरी भिंत घालू?"

"नको रे बाबा! या एकीनेच मावशीच्या मेंढ्या पलीकडे अडकवल्या."

यंदा बर्फ वितळल्यावर नेमका तोच टप्पा ढासळला. ऐंशीतले आता बाबाच उरले होते. त्यांनी दगड हातगाडीवर घातला आणि निघाले. मी मागून गाडी ढकलत होते.

डागडुजीवरचा अधिकारी लुपुल माझ्याच वयाचा. "आजोबा, नियम आहे. ज्यांनी भिंत उभारली, त्यांचंच नाव."

"आणि पायाचं?"

"पाया मातीत असतो. त्याला कोण नाव देतं?"

"वाकून बघ की जरा."

लुपुलने गवत उपटलं. उतारावर भिंतीबाहेर उरलेला पायाचा गुडघाभर उंचीचा, दोन फूट रुंद कट्टा उघडा पडला. त्याने ओळंबा लावला, पुन्हा लावला.

"केसभरही हललेला नाही," तो म्हणाला.

"पडली ती भिंत," बाबा म्हणाले.

लुपुल हसला. "भिंतीत नाही बसवू देणार. कट्ट्यावर बसवा. कट्ट्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही."

चुना बाबांनी स्वतः कालवला, कुणाला हात लावू दिला नाही.

आता मेंढ्या चरत असतात तेव्हा आई तिथेच, दगडाशेजारी, लोकर कातत बसते. काल म्हणाली, "तेर्तुल, बसायला बरा रुंद आहे हो तुझा पाया."

बाबा तिच्या शेजारी जाऊन टेकले. दोघांना तो पुरला.